बुधवारचा तीनचा खेळ

१

बुधवार म्हणजे डिचोलीचा बाजार, आणि बाजार म्हणजे माझा कामाचा दिवस. घरी सांगून ठेवलं होतं की मी काजूची दलाली करतो. माझ्या बायकोनं, सुमंगलेनं, काजूची एक बी कधी माझ्या पिशवीत पाहिली नाही, पण तिनं विचारलंही नाही. आमच्यात नवरा काय करतो ते विचारत नाहीत, काय आणतो ते बघतात.

मी खिसे मारायचो. ब्लेड वापरणाऱ्यांचा मला तिटकारा होता. चांगला सदरा फाडून ठेवायचा, म्हणजे माणसाला दोनदा लुबाडायचं. मी नुसत्या बोटांवर जगलो. दोडामार्गाकडून विसाव्या वर्षी सुर्ल्याच्या खाणीवर आलो होतो, ट्रकावर क्लीनर म्हणून. ट्रक उलटला, पाठ गेली, उजव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं पडलं, आणि शेठनं मला मोसंबी देऊन निरोप दिला. डोंगर पोखरून बोटीत भरतो त्याला शेठ म्हणतात आणि दुसऱ्याच्या खिशातली दहाची नोट काढतो त्याला चोर. मी तक्रार करत नाही. जग असंच चालतं आणि मीही त्यातलाच.

ते साल शहाऐंशीचं. भिंतीभिंतींवर मराठी की कोंकणी ते रंगवलेलं. सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबले होते. टॉकीजच्या काळोखात मात्र दोन्हीकडची माणसं मांडीला मांडी लावून बसायची आणि हिंदी नटीला एकाच भाषेत शिट्ट्या घालायची. मला त्यांचं हसू यायचं.

तीनचा खेळ मला सोयीचा. बाहेर रणरणतं ऊन, आत पाऊल टाकलं की डोळ्यांसमोर काही नाही. माणसं आंधळ्यासारखी एकमेकांच्या अंगावर पडत खुर्च्या शोधतात. खुर्च्या भरल्या की उरलेली मागच्या भिंतीला उभी राहतात, खांद्याला खांदा लावून. मी त्यांच्यात. दारावर तिकिटं फाडणारा गोकुळदास माझा माणूस होता. मध्यंतराचे दिवे लागायच्या दोन मिनिटं आधी तो दाराचा जाड पडदा एकदा झटकायचा, म्हणजे मी हात आवरायचा. माझे नियम दोनच. एका खिशात दोनदा हात घालायचा नाही. आणि नको ती वस्तू हाती लागली तर खाली टाकायची नाही, शेजारच्याच्या खिशात सोडायची. उद्या सापडला तर तो सापडेल. चौदा वर्षांत मी एकदाही सापडलो नाही.

२

त्या दिवसांत माझी मुलगी गौरवी तापानं अंथरुणाला खिळली होती. अकरा वर्षांची, आम्हांला तेवढीच एक. डॉक्टर म्हणाले टायफॉईड आहे, एकवीस दिवस काढायचे, औषध चुकवायचं नाही. तो बुधवार तापाचा सातवा दिवस होता. मी गेलो. घरी बसून ताप उतरत नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

मागच्या भिंतीला माझ्या पुढं एक उंच माणूस उभा होता. सदऱ्याला बाजूला खिसा. हात घातला आणि तो आत जातच राहिला. मनगटापाशी खिसा संपायला हवा होता. कोपर अडलं तेव्हा मी थांबलो. अस्तर फाटलं असेल, असं वाटलं. पण फाटलेल्या अस्तरातून हात गेला तर पुढं माणसाची मांडी लागते. माझ्या हाताला काहीच लागत नव्हतं. आणि त्या उंच माणसानं मागं वळूनही पाहिलं नाही.

मग बोटांना एक गाठोडी लागली, सुपारीएवढी. बोटांनीच ओळखली. आत एक मोठं नाणं आणि एक लहान, सव्वा रुपया. आंगवणीची पुरचुंडी होती ती. घरात कोणी आजारी पडलं की आमच्याकडे देवीच्या नावानं सव्वा रुपया हळदीच्या फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवतात. माणूस उठून बसलं की पुरचुंडी घेऊन देवळात जायचं आणि बोललेलं फेडायचं. तिला हात लावू नये एवढं चोरालाही कळतं. मला तर जास्तच कळत होतं, कारण तशीच एक माझ्या घरी होती.

परत जागच्या जागी ठेवायला हवी होती. पण एका खिशात दोनदा हात नाही. मी ती डावीकडच्या माणसाच्या खिशात सोडली आणि पुढं सरकलो. देवाचं काही घेतलं नाही, म्हणून बरंसुद्धा वाटलं. कसली अक्कल!

मध्यंतराला बाहेर येऊन विडी तोंडाला लावली तेव्हा बोटांना निलगिरीच्या तेलाचा वास आला. मग आठवलं की ती पुरचुंडी हातात असताना थरथरत होती. आमच्या दारावरून खनिजाचा ट्रक गेला की फडताळावरची भांडी थरथरतात, तशी. टॉकीजच्या रस्त्याला ट्रक येत नव्हते.

३

घरी आलो तर सुमंगलेनं देव्हारा रिकामा केला होता. देव जमिनीवर पाटावर मांडलेले, ती कोनाड्यात हात घालून चाचपत होती.

"आंगवणीची पुरचुंडी खय गेली?" ती म्हणाली. "दुपारी दिवो लावलंय तेव्हा होती."

"उंदरान नेली असतली."

"उंदीर सव्वा रुपयो घेवन खय जातलो? बाजाराक?"

"मग दुसरी बांध."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "दुसरी? पयली फेडल्याशिवाय दुसरी बांधतत काय? देवीक काय सांगू, पयलो शब्द हरवलो, आता हो घे?"

पलीकडच्या खोलीत गौरवी कण्हली. कपाळावर निलगिरीच्या तेलाची पट्टी होती. सकाळी उतरलेला ताप तीन वाजल्यापासून पुन्हा चढला होता.

"कसल्या दोऱ्यान बांधलेली?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"माझ्या पदराच्या दोऱ्यान. तीन वेढे दिलेले."

माझ्या अंगठ्याला तीन वेढे लागले होते. मी हात लुंगीला पुसला. सव्वा रुपया घरोघरी असतो, हळद घरोघरी असते, आणि तीन वेढे कुठली बाई देत नाही? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! असं म्हणून मी जेवायला बसलो.

४

चौदाव्या दिवशी ताप कमी होता. मी पुन्हा गेलो. या वेळी पुढं एक बुटका माणूस होता, पँटीचा मागचा खिसा फुगलेला. हात घातला आणि मला लगेच कळलं. पुन्हा तळ नव्हता. कोपरापर्यंत हात आत, आणि त्या हाताला हवा लागत होती, बंद खोलीतली, उबट. काढून घ्यायला हवा होता. पण बोटं चौदा वर्षांच्या सवयीची, माझं ऐकायची नाहीत. ती चाचपत गेली. एक मऊ, दमट कापड लागलं. त्याखाली काहीतरी दातेरी होतं. मी ते ओढून घेतलं आणि शेजारच्याच्या खिशात न सोडता सरळ बाहेर उजेडात आलो.

गुलाबी कंगवा. दोन दात मोडलेले, उरलेल्यांत लांब काळे केस, तेलकट. तो आमच्या घरातला होता. गौरवीनं दोन दात जत्रेच्या दिवशी मोडले होते, तेव्हा मीच तिला ओरडलो होतो.

गोकुळदासानं दारातून मान काढली. "कितें रे सगुण? भूत पळयलें?"

मिळाली ती बस धरून घरी आलो. गौरवी उशीला टेकून बसली होती. बारीक झाली होती, डोळे तेवढे मोठे दिसत होते.

"बाबा, माझो कंगवो घेवन खय गेल्लात?"

"मी कधी घेतलंय?"

"दुपारी. उशीखालसून काढलात नाय? तुमी दाराआड होतात. हात तेवढो आत घातलात. माका वाटला गंमत करतास."

माझ्या पाठीतून कळ गेली. "हात माझोच कशावरून?"

"माका तुमचो हात ठावक नाय? काळा नख होता."

"आणि दाराआड काय होता?"

ती जरा आठवू लागली. "काळोख. आणि लोका शिट्यो घालीत होती."

सुमंगला पेज घेऊन आली. "तापात बडबडता ता. भियेव नकात," ती मला म्हणाली. मी कंगवा खिशातून काढून उशीखाली सरकवला. गौरवी हसली. "बाबा चोर," ती म्हणाली, आणि तिची आईही हसली.

डॉक्टरांना विचारलं असतं तर त्यांनीही हेच सांगितलं असतं, तापात मुलं काहीही बघतात. मान्य. कंगवा मीच सकाळी निघताना चुकून खिशात टाकला असेन. तेही मान्य. पण शिट्ट्या? मी तिला टॉकीजला कधी नेलं नव्हतं. त्या जागेपासून मी तिला लांबच ठेवलं होतं.

५

दुसऱ्या दिवशी सुमंगला विहिरीवर गेली तेव्हा मी ती खोली नीट पाहिली. गौरवीची खाट भिंतीला. पायथ्याशी जनेल, त्याच्या गजांवर खाणीची लाल धूळ. उशाकडे दार, मागच्या पडवीत उघडणारं. दार पूर्ण उघडलं की त्याच्या आणि भिंतीच्या मधे वीतभर जागा राहायची. तिथं एक जुनी केरसुणी उभी होती. मी तिथं हात घालून बघितला. भिंत लागली, थंड, पोपडे सुटलेली. ट्रक गेला आणि भिंत थरथरली.

"बाबा, आज गुरुवार," गौरवी खाटेवरून म्हणाली. "आज कसो हात येतलो?"

मी शपथ घेतली की आता टॉकीजला जायचं नाही. ती शपथ सहा दिवस टिकली. सुमंगला रोज देव्हारा शोधायची. शोधून शोधून तिची नजर भिरभिरायला लागली होती. ताप सकाळी उतरायचा, दुपारी चढायचा. "शब्द अर्धो रवलोहा," ती पुटपुटायची. "देवी वाट बघता." आणि मला तेवढंच ऐकू यायचं. पुरचुंडी माझ्या हातानं गेली होती. तिला बायकोपुढं आणून ठेवायची, तर ती माझ्याच हातानं यायला हवी होती. ज्या वाटेनं गेली त्याच वाटेनं.

आज वाटतं, सुमंगलेपुढं बसून खरं सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी चोर आहे, पुरचुंडी मी घालवली, देवीला तसंच सांग. तिनं देवळात जाऊन गाऱ्हाणं घातलं असतं, मला शिव्या दिल्या असत्या, आणि मी त्या दुपारी घरी असतो. पण काजूचा दलाल म्हणवून घ्यायची इतकी सवय झाली होती की मुलीच्या जिवापुढंही ती सुटली नाही.

एकविसाव्या दिवशी बुधवार आला. गौरवीनं सकाळी पोदेराकडचा उंडा पाव चहात बुडवून खाल्ला. अंग थंड होतं. डॉक्टर म्हणाले होते, आजचा दिवस जपा, एकटं सोडू नका.

"आज जाव नकात," सुमंगला म्हणाली. "एक दिस दलाली बुडली तर काय आभाळ पडना नाय. तिच्याकडे बसा."

"जावंदे गो बाबांक," गौरवी म्हणाली. "तीन वाजता ते हात घालतत."

आणि मी चपला घातल्या.

६

"आज तोंड कित्याक असलें?" गोकुळदासानं विचारलं.

"चेडवाक बरा नाय."

"मागीर घरा वच मरे. हांगा कितें करता?"

चोराचा जोडीदार, पण घरी जा म्हणाला, शहाणं बोलला. मी त्याला बाजूला सारून आत गेलो. हाऊसफुल्ल होतं. मागच्या भिंतीला चार रांगा उभ्या. डोक्यावरचे पंखे गरम हवा फिरवत होते. माझ्या पुढचा माणूस मध्यम उंचीचा, मानेवर घाम. मी त्याचा चेहरा पाहिला नाही. हात त्याच्या बाजूच्या खिशात सोडला, आणि तो गेला, जसा जाणार हे मला ठाऊक होतं.

चादर लागली. उशीचा कोपरा लागला. मी उशीखाली चाचपलं, खाटेच्या कडेनं चाचपलं. पुरचुंडी नव्हती. एक ट्रक गेला असावा, खाट बारीक थरथरली, ते मला कोपरापर्यंत जाणवलं. मी बोटं आणखी लांबवली.

तेव्हा माझा हात कोणीतरी धरला.

लहान, कोरडा, भाजेल इतका गरम हात. त्यानं माझी चार बोटं मुठीत घेतली. ओढलं नाही, सोडवलं नाही. शाळेत जाताना ट्रक येत असले की रस्त्याच्या कडेला ती माझी चार बोटं अशीच धरायची. मी ओरडलो नाही. घाबरलोही नाही, हे खरं सांगतो. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांतून पाणी आलं. ती जिवंत आहे, तिनं मला धरलंय, आणि धरलंय तोवर तिला काही होत नाही, असं मला पक्कं वाटलं. का वाटलं ते विचारू नका. चौदा वर्षांत पहिल्यांदा मी कोणाच्या खिशात हात घालून काही काढत नव्हतो.

पडद्यावर कोणीतरी नाचत होतं, लोक शिट्ट्या घालत होते. मी तसाच उभा राहिलो. तासभर. पाठ फुटायची पाळी आली, मी हललो नाही. मधेच तिची मूठ ढिली पडायची, मग मी हळूच दाबायचो, आणि ती पुन्हा घट्ट धरायची. एकदा दोनदा तीनदा.

मग दाराचा पडदा झटकला गेला.

दोन मिनिटं. दोन मिनिटांनी दिवे लागणार होते आणि माझा हात कोपरापर्यंत एका परक्या माणसाच्या खिशात होता. सभोवती तीनशे लोक. एका खिसेकापूचं काय करतात ते मी म्हापशाला पाहिलं होतं. त्याची बोटं त्यांनी दगडावर ठेवून दुसऱ्या दगडानं ठेचली होती, आणि बायका आपल्या पोरांना उचलून दाखवत होत्या.

"सोड गो बाय," मी तोंडातल्या तोंडात म्हणालो.

तिनं आणखी घट्ट धरलं.

मी थांबू शकलो असतो. दिवे लागू दिले असते. मार खाल्ला असता, बोटं गेली असती, बायकोला कळलं असतं, गावात तोंड काळं झालं असतं. याहून जास्त काही झालं नसतं. मी तेव्हा हे सगळं मोजलं, आणि मी तिचा हात सोडवला.

हिसका दिला नाही. हिसका दिला तर माणूस जागा होतो, हे माझ्या हाताला माहीत होतं. आधी तिची करंगळी उचलली. मग तिच्या शेजारचं बोट. मग मधलं. एवढ्या हलक्या हातानं मी आयुष्यात कधी काम केलं नव्हतं. शेवटचं बोट माझ्या नखावर अडकलं होतं, तेही उचललं. मग तिची मोकळी मूठ एकदा चादरीवर शोधत फिरली. ते मला जाणवलं. मी हात काढून घेतला.

दिवे लागले. पुढचा माणूस वळला. साधाच माणूस, गालावर देवीचे व्रण, डोळे चोळत होता. "मॅचीस आसा रे?" त्यानं विचारलं. त्याचा खिसा चार बोटांचा होता. त्यातून रुमालाचं टोक बाहेर आलं होतं.

७

घराच्या पायरीवर शेजाऱ्यांच्या चपला होत्या. तेवढं बघून मी अंगणात बसलो. कोणीतरी मला उठवून आत नेलं.

सुमंगला रडत नव्हती. तिनं माझ्यासाठी खाटेशेजारी जागा केली आणि मला सगळं सांगितलं. तीन वाजता ताप एकदम चढला. डॉक्टरांना बोलवायला माणूस गेला, पण डॉक्टर भेटले नाहीत. आणि गौरवी मात्र तासभर हसत होती.

"म्हणत होती, बाबांनी हात धरलोहा, आता माका काय्येक जावचा नाय. मूठ आवळलेली, आत कोण नाय. मी म्हटलंय, ऱ्हवंदे, तिका बरा वाटता मा." तिनं गौरवीच्या हातावर हात ठेवला. "मगे सव्वाचारांक बोटा सुटाक लागली. एकेक. आधी करंगळी. किती हळू ओ! माका वाटला, कोणतरी सोडवन घेता. देवीनच सोडवन घेतल्यान. तरास म्हणान झालो नाय तिका."

त्याला आता बरीच वर्षं झाली. पुढच्या वर्षी गोव्याचं राज्य झालं, भिंतींवरची अक्षरं चुन्याखाली गेली. टॉकीज बंद पडलं. मी त्या दिवसानंतर कोणाच्या खिशात हात घातला नाही. एका शेठच्या गोदामावर राखणीला बसतो, लोक मला प्रामाणिक म्हणतात.

घरी कोणी आलं की सुमंगला अजून तो दिवस सांगते. दुसरं तिच्याजवळ सांगण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि त्या एका गोष्टीवर तिनं इतकी वर्षं काढली आहेत. करंगळीपासून सुरू करते, स्वतःची बोटं एकेक करून उघडून दाखवते, आणि मग माझ्याकडे वळते.

"होय न्हय ओ? देवीनच सोडवल्यान न्हय तिका?"

"होय," मी म्हणतो.